राणी काय म्हणाली

मत्सर हा शब्द काकींनी स्वतःबद्दल कधी वापरला नाही. खालच्या मजल्यावरून हसण्याचा आवाज आला की भाजी चिरता चिरता त्यांचा हात थांबायचा, इतकंच. आता हात थांबला की कान आपोआप कामाला लागतात, त्यात काकींचा काय दोष?

हसणाऱ्या दोघी होत्या. एक 'खालची', म्हणजे बरोबर काकींच्या खोलीखालच्या खोलीत राहणारी बाई. तिला चांगलं नाव होतं, पण ते तोंडात घ्यावं असं काकींना आजवर वाटलं नव्हतं. तीही काकींना 'वरची' म्हणायची, तेव्हा फिटंफाट होती. दुसरी हसणारी मात्र घरचीच, काकींच्या एकुलत्या एका मुलाची बायको. साऱ्या इमारतीनं काकी म्हणायचं आणि सूनबाईनं आई म्हणायचं असा रिवाज होता. सूनबाई तो नीट पाळायची. पण "आई, मी जरा खाली जाऊन येते" एवढं म्हणून झालं की ती चपला सरकवून जिना उतरायची आणि तिथं पोट धरून हसायची.

वर ती अशी कधी हसली नव्हती. वर ती हसायची ती पाहुण्याच्या घरी हसावं तशी, ओठ उघडून लगेच मिटायची.

कारण भाषेचं होतं. सूनबाई आणि खालची एका भाषेच्या. लग्न होऊन आल्यावर सूनबाई काकींची भाषा शिकली, काकींनीच शिकवली, आणि चांगली शिकवली. पण ती बोलताना सूनबाई प्रत्येक वाक्य आधी मनात घडी घालून ठेवायची आणि मग जपून उलगडायची. खाली मात्र नळ सोडल्यासारखी बोलायची. त्यातलं एक अक्षर काकींना कळत नसे. इतकी वर्षं एका जिन्यानं चढ-उतार करूनही खालचीची भाषा शिकावी असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. ज्याला गरज असेल त्यानं आमची शिकावी! खालची तशी शिकलीही होती. पण ती सगळी काकींशी भांडून भांडून शिकल्यामुळं तिला त्या भाषेत फक्त भांडताच यायचं. ती नुसतं "या, बसा" म्हणाली तरी माणूस दचकून उभा राहायचा.

बरं, या हसण्याला कामाचं नाव होतं, म्हणून काकींना तोंड उघडता येईना. सूनबाई युनिव्हर्सिटीत नाटक शिकवायची. ('नाटकं करणाऱ्या सुना घरोघरी आहेत. शिकवणारी आमच्याकडंच,' असं काकी बाहेर ऐटीत सांगत.) सध्या ती एक जाडजूड पुस्तक लिहीत होती, आणि ते होतं साबणाच्या कारखान्याच्या नाटकमंडळीवर.

ही मंडळी म्हणजे याच इमारतीतली माणसं. साहेब लोक देश सोडून गेले, त्यांच्या क्लबाचा हॉल कारखान्याच्या कामगारांना मिळाला. एवढा मोठा हॉल मिळाल्यावर त्यात काहीतरी करायला हवं, म्हणून नाटक बसवायचं ठरलं. कारखान्यात चार भाषांची माणसं. साहेबांच्या भाषेत नाटक करायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि एकमत व्हायची ती शेवटची वेळ. कोणाच्या भाषेत करायचं यावर इतकी वादावादी झाली की शेवटी प्रत्येकानं आपापल्या भाषेत बोलावं असं ठरलं. राजा एका भाषेत हुकूम सोडायचा, प्रधान दुसऱ्या भाषेत मान हलवायचा, राणी तिसऱ्या भाषेत रडायची. आणि स्टेजच्या कडेला एक सांगणारी उभी असायची. ती दर बोलण्यामागून बाजारात बहुतेकांना कळेल अशा चौथ्या भाषेत सांगायची की राजा असं म्हणाला, राणी तसं म्हणाली.

राणी होती खालची. सांगणारी होत्या काकी, आणि चौथी भाषा त्यांचीच.

आणि सूनबाईचं पुस्तक होतं राणीवर.

आता इथं काकींचीही थोडी चूक झाली होती, पण ती चूक कुठल्याही मानी बाईकडून झाली असती. पुस्तकाच्या सुरुवातीला सूनबाईनं विचारलं होतं, "आई, तुम्हीही होतात ना मंडळीत? तुमच्याशीही बोलायचं आहे."

काकींनी भांडं खसखसा घासत म्हटलं, "आमचं काय एवढं! आम्ही आपले कडेला उभे राहणारे."

यावर समोरच्यानं 'असं कसं, असं कसं' म्हणायचं असतं. मग आपण 'छे छे' म्हणायचं. मग समोरच्यानं हात धरून बसवायचं आणि मग कुठं आपण बोलायला लागायचं. पण सूनबाईनं "बरं आई" म्हणून मान डोलावली आणि ती गेली. युनिव्हर्सिटीत एवढं सगळं शिकवतात, आग्रह करायला तेवढं शिकवत नाहीत.

एकदा काकींनी मुलाला विचारलं, "त्या पुस्तकात माझ्याविषयी काय आहे रे?"

मुलानं बायकोकडं पाहिलं. सूनबाई वाक्याची घडी उलगडत म्हणाली, "आहे ना आई. सीमांत घटकांवर एक टीप आहे."

"सीमांत म्हणजे?"

"म्हणजे... कडेचे. परिघावरचे."

"मी कडेची?" काकी म्हणाल्या. "अगं, हे घर माझ्या नावावर आहे. मी मधोमध राहते."

त्या दिवशी भाजी फार बारीक चिरली गेली.

आठवडाभर विचार करून काकींनी ठरवलं की सांगून काही उपयोग नाही, दाखवूनच द्यायला हवं. नाटक पुन्हा करायचं. तेच नाटक, त्याच हॉलात. म्हणजे सूनबाईला डोळ्यांनी दिसेल की राणी काय म्हणते ते कोणाला कधी कळलंच नव्हतं. कळलं ते काकी सांगत होत्या म्हणून.

जिन्यात उभं राहून त्यांनी हे जाहीर केलं आणि इमारत एकदम जागी झाली. पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, "करायचंच तर साहेबांच्या भाषेत करा. दर्जा वाटतो." इमारतीचे चेअरमन म्हणाले, आधी माझं भाषण ठेवा, मग लोक नाटकाला कंटाळणार नाहीत. शिंपीण म्हणाली, राणीचा झगा मी शिवते, पण मापं काकींचीच घेईन, खालचीची घ्यायला जाणार नाही, ती मागच्या ब्लाऊजवरून अजून बोलते. नळवाला म्हणाला, "मी राजा होतो, मीच राजा." त्याचे केस गेले होते आणि पोट आलं होतं, पण राजाला दोन्हीची अडचण नसते.

राहिली राणी. काकींनी दुसरी राणी शोधून पाहिली. कुणी लाजलं, कुणाला पाठांतर जमेना. शेवटी मनावर दगड ठेवून त्या खाली गेल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "नाटक करतोय. राणी लागेल."

"लागणारच!" खालची म्हणाली. तिचा 'लागणारच' ऐकून समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं. "राणीशिवाय काय तुम्ही कडेला उभं राहून सांगणार? कोण काय बोललं ते?"

काकी वर आल्या त्या कानशिलं तापवूनच. पण राणी मिळाली होती.

मग परवानगी. हॉल आता सरकारी कचेरीच्या ताब्यात होता. साहेब गेले, पण टेबलं ठेवून गेले आणि टेबलामागं कसं बसायचं तेही शिकवून गेले. त्यातल्या एका टेबलामागचा कारकून म्हणाला, "नाटकाची लेखी प्रत द्या. सरकारविरुद्ध काही आहे का ते तपासावं लागतं. जुना कायदा आहे."

"कोणत्या सरकारविरुद्ध?"

"कायदा झाला तेव्हा होतं त्या."

"ते तर गेलं."

"कायदा आहे ना."

काकी म्हणाल्या, लेखी प्रत नाही. नाटक कधी लिहिलंच नव्हतं, ते सगळं तोंडातलं आहे. कारकुनानं तो प्रश्न बाजूला ठेवला, कारण त्याला त्याहून मोठा सापडला होता. "भाषा कोणती?"

"चार."

"एकच लिहायची आहे. रकाना एवढाच आहे." त्यानं बोटानं रकाना दाखवला.

"माणसं चार भाषांत बोलणार आणि आम्ही एक लिहायची? खोटं लिहायचं?"

"खोटं लिहू नका. एकच लिहा."

या बोलण्यात तासभर गेला. मागं रांग लागली, रांगेतले लोक सल्ले द्यायला लागले. शेवटी कारकुनाला स्वतःलाच एक तोड सुचली. त्यानं रकान्यात लिहिलं: मूकनाट्य. "भाषाच नाही म्हटल्यावर भाषेची अडचण नाही. आणि लेखी प्रतही लागत नाही. मुकं माणूस सरकारविरुद्ध काय बोलणार?"

शिक्का बसला. काकी ताठ मानेनं बाहेर पडल्या. पण जन्मभर ज्या बाईनं तोंडाच्या बळावर संसार केला तिला मूकनाट्याची परवानगी मिळावी, हे त्यांना पुढं बरेच दिवस खुपत राहिलं.

तालमी सुरू झाल्या, आणि काकींचा खरा छळ तेव्हा सुरू झाला. सूनबाई रोज हजर. तिला हे नाटक म्हणजे जमिनीतून सोनं वर आल्यासारखं झालं होतं. ती आनंदानं काकींच्या गळ्यात पडायची बाकी राहिली, आणि मग वळून खालचीजवळ जाऊन बसली. खालचीच्या पाठीला उशी आणली, तीही काकींच्या पलंगावरची. खालचीचा घसा बसला तर तिला चहा करून दिला, तोही काकींच्या कपात, ज्याला मुलालाही हात लावायची परवानगी नव्हती. खालची हात वर करून एक वाक्य म्हणाली की सूनबाई थांबवून विचारायची, हा हात असा का, तेव्हाही असाच होता का, हात वर करताना मनात काय होतं? खालची डोळे मिटून सांगायची. मग दोघी हसायच्या. मग सूनबाईचे डोळे भरून यायचे. मग पुन्हा हसायच्या.

काकीही एकदा हात वर करून उभ्या राहिल्या. सूनबाई म्हणाली, "आई, पंखा बंद करू का?"

मुलाजवळ काकी बोलल्या. "तुझ्या बायकोला ती आवडते."

"अगं आई, अभ्यास आहे तो."

"मी तुला जन्म दिला तेव्हा कुणी अभ्यास केला नाही माझा."

तो पेपर उचलून गॅलरीत गेला. त्याच्या वडिलांनीही असंच केलं असतं.

प्रयोग रविवारी दुपारी ठरला. हॉल गच्च भरला. चारही भाषांची माणसं आली, त्यांची मुलं आली, युनिव्हर्सिटीतले चष्मे आले. चेअरमननी भाषण केलं, त्यामुळं लोक नाटकासाठी अगदी आसुसले. पुढच्या खुर्चीत मात्र कचेरीतला तो कारकून बसला होता, परवानगीप्रमाणं सगळं मुकं चाललं आहे की नाही ते बघायला.

पडदा वर गेला, राजानं आपल्या भाषेत पहिला हुकूम सोडला आणि कारकून ताडकन उठला. "हे काय? हा माणूस बोलतोय!"

चेअरमन त्याच्या कानाशी गेले. "तुम्हाला कळलं का काय बोलला?"

"नाही."

"मग तुमच्यापुरता तो मुकाच."

"आणि त्या बाई? कडेच्या? त्यांचं कळतंय मला."

"त्या नाटकात नाहीत. त्या माहिती देतायत."

कारकून खाली बसला. माहिती देण्याविरुद्ध कायद्यात काही नव्हतं. पण 'त्या नाटकात नाहीत' हे कडेपर्यंत ऐकू आलं होतं. काकींच्या कपाळाची शीर उडायला लागली.

तरीही त्यांनी पहिला प्रवेश सरळ सांगितला. राजा मोहिमेवर निघाला, प्रधान नको म्हणाला, राजानं ऐकलं नाही. आवाज खणखणीत होता, शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. टाळ्याही पडल्या. मग राणी आत आली, नव्या झग्यात. झगा काकींच्या मापाचा असल्यामुळं तो तिला कमरेत घट्ट बसला होता, तेवढंच समाधान. आणि त्याच वेळी काकींची नजर सूनबाईच्या कॅमेऱ्यावर गेली.

कॅमेरा स्टेजच्या काकींकडच्या अंगालाच, तीन पायांवर उभा होता. चित्र दिसतं ती त्याची छोटी काच काकींना तिथून सरळ दिसत होती. काचेत राणी होती, नखशिखांत. राजा होता. सिंहासन म्हणून आणलेली दंतवैद्यांची खुर्ची होती. आणि अगदी काठाला, झाडाची तुटकी फांदी असावी तसं काहीतरी मध्येच आत येऊन जात होतं.

काकींनी निरखून पाहिलं. ते त्यांचं कोपर होतं.

एवढ्या उभ्या जन्मातून पुस्तकात जाणार ते कोपर!

राणीनं हात आभाळाकडं नेले आणि लांबलचक, गळा भरून आलेलं वाक्य म्हटलं. तिच्या भाषेतल्या बायकांनी पदरानं, रुमालानं, मिळेल त्यानं डोळे टिपले. बाकीच्यांनी काकींकडं पाहिलं.

काकी म्हणाल्या, "राणी म्हणते, राजा, चूक माझीच आहे."

राणीचे हात आभाळातच राहिले. जुन्या दिवसांत राणी इथं नवी होती, काकी काय सांगतात ते तिला कळायचं नाही. तेव्हाही काकींना राणीची भाषा येत नव्हती. राणी रडली की त्या आपल्या मनानं काहीतरी रडण्याजोगं सांगून द्यायच्या, आणि लोक रडायचे. पण आता खालचीला कळत होतं. भांडून शिकलेली भाषा माणूस विसरत नाही.

तिनं डोळे वटारले आणि पुढचं वाक्य अधिक जोरात म्हटलं.

"राणी म्हणते, माझा आवाज मोठा आहे, पण त्यात अर्थ फारसा नसतो."

मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारली. राणीनं छातीवर हात मारून घेतला आणि तिसरं वाक्य आणखी जोरात म्हटलं.

"राणी म्हणते, जिन्यात ओले कपडे मीच वाळत घालते आणि नाव दुसऱ्यांचं सांगते."

इमारतीतली माणसं खुर्च्यांवरून उठली. राजाची भाषा राणीहून वेगळी, त्यामुळं राणी काय म्हणाली ते त्यालाही काकींकडूनच कळायचं. त्यानं प्रामाणिकपणे विचार केला आणि आपल्या भाषेत उत्तर दिलं. काकी म्हणाल्या, "राजा म्हणतो, आजपासून घालू नकोस." आणि गंमत म्हणजे, राजा खरंच तेच म्हणाला होता.

कारकून शेजारच्याला म्हणाला, "नाटक चांगलं आहे. आमच्याकडंही जिन्याचा असाच त्रास आहे."

काकींना असं सुख कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. सगळा हॉल त्यांच्या तोंडाकडं बघत होता. राणी नुसते हात हलवत होती. त्यांनी सूनबाईकडं पाहिलं. ती कॅमेऱ्यामागून डोकं वर काढून त्यांच्याकडं बघत होती. त्यांच्याकडं! भुवया वर गेलेल्या, तोंड उघडं.

आणि मग खालचीनं हात खाली घेतले.

ती चालत पुढं आली. राजाकडं पाठ केली. रडणं नाही, हुंदका नाही. काकींकडं बोट करून, अगदी शांत आवाजात, गोड म्हणावं इतक्या शांत आवाजात ती आपल्या भाषेत काहीतरी बोलली. छोटंसं नव्हतं. त्याला सुरुवात होती, मध्य होता, आणि शेवटी एक झटका होता.

अर्धा हॉल हसत सुटला. तिच्या भाषेतल्या बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. एक म्हातारे गृहस्थ हसता हसता खोकायला लागले, त्यांना पाणी द्यावं लागलं. आणि सूनबाई? ती कॅमेऱ्याला धरून वाकली होती, खांदे गदागदा हलत होते. काचेत राजा, राणी, सिंहासन सगळंच हलत होतं.

उरलेला अर्धा हॉल काकींकडं बघत होता. "काकी, काय म्हणाली? सांगा ना! काय म्हणाली?"

काकींनी तोंड उघडलं.

मनानं काही सांगावं, तर ज्यांना खरं कळलं होतं ते आणखी हसले असते. खालचीलाच विचारावं, तर त्यापेक्षा काकी स्टेजवरून उडी मारायला तयार होत्या. चारचौघांत, दुपारच्या उजेडात, सांगणारी काहीच सांगत नाही असं हॉलानं कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या रांगेत कारकुनाचा चेहरा मात्र उजळला. परवानगीप्रमाणं आता कुठं चाललं होतं.

काकींना एकदम वाटलं की आपण खरंच कडेला उभ्या आहोत. आणि तिथून त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, विचारलं:

"सूनबाई, काय म्हणाली गं ती?"

आवाज एवढासाच होता. पण सूनबाईचं हसू तिथंच थांबलं. तिनं डोळे पुसले, कॅमेरा आहे तसा सोडला, दोन्ही हातांनी कपडे सावरत ती स्टेजवर चढली आणि काकींच्या शेजारी येऊन उभी राहिली. अगदी खांद्याला खांदा. काकींचा हात तिनं धरला की नुसता लागला, ते काकींना कळलं नाही.

"राणी म्हणते," सूनबाई म्हणाली, आणि काकी चमकल्या. हा स्वर त्यांचा होता. 'म्हणते'वर तेच थांबणं, तीच हनुवटी वर. कुठलीही घडी न घालता, न उलगडता, काकींच्या भाषेत ती शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं बोलली. "राणी म्हणते, मी इतकी वर्षं या हॉलात रडले. पण लोकांना रडवलं ते या बाईनं. ही नसती तर मी नुसतीच ओरडणारी बाई होते!"

ज्यांना खालचीचं खरं बोलणं कळलं होतं, ते आता आणखी जोरात हसले. ज्यांना कळलं नव्हतं, त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हसणं आणि टाळ्या यांचा असा काही कल्लोळ झाला की राजा घाबरून वेळेआधीच मोहिमेवर निघून गेला.

काकींना त्याच क्षणी कळलं की पोरीनं थाप मारली आहे. असल्या वाक्याला माणसं पाणी पिण्याची वेळ येईपर्यंत हसत नाहीत. याच जागेवर उभं राहून काकींनी जन्मभर जे केलं तेच तिनं केलं होतं, आणि तेही एका श्वासात, तालीम न करता.

खालची स्टेजच्या मधोमध उभी होती. तिलाही दोन्ही बोलणी कळली होती. ती राजाकडं बघत नव्हती, काकींकडंही नाही. ती सूनबाईकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते काकींना आरशातून चांगलं ओळखीचं होतं. काकींना क्षणभर तिची दया आली. क्षणभरच.

पुढं नाटक रीतसर संपलं. राजा मेला, राणी रडली. यंदा बरीच खरी रडली, आणि काकींनी तिचं रडणं सरळ सांगितलं. काही कमी केलं नाही, काही वाढवलं नाही. म्हणजे थोडं वाढवलं, पण चांगल्याच बाजूनं.

घरी परतताना खालची पुढं निघून आली होती. काकी आणि सूनबाई सावकाश आल्या. कॅमेऱ्याचे तीन पाय मुलाच्या खांद्यावर होते. तो सरळ वर गेला, शहाणा.

सूनबाई सगळी वाट बोलत होती. आई, तुम्ही त्या वेळीही असंच स्वतःच्या मनानं सांगायचात? सगळ्यांचं? राजाचंही? मग लोक घरी घेऊन जायचे ते नाटक तुमचंच की! आई, मला पहिलं प्रकरण फाडून टाकावं लागणार. अडखळत होती, शब्द चुकत होते, तरी थांबत नव्हती. काकी नुसतं "हूं" म्हणत होत्या. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती.

पहिल्या जिन्याच्या वळणावर खालचीचं दार. ते लोटलेलं होतं आणि फटीतून आत एक सावली उभी असलेली दिसत होती, हलत नव्हती.

काकी बरोबर तिथंच थांबल्या. गुडघ्यावर हात ठेवून दम लागल्यासारखं केलं.

"सूनबाई, खरं सांग. काय म्हणाली होती गं ती?"

"सांगितलं की आई, स्टेजवर."

सूनबाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. डोळे सरळ काकींच्या डोळ्यांत. नवऱ्याला नवी चप्पल जुनीच आहे म्हणून सांगताना जी पोरगी जमिनीकडं बघायची, ती ही.

काकींनी तिच्याकडं पाहिलं, लोटलेल्या दाराकडं पाहिलं, आणि पायरीवर नीट ऐसपैस बसून घेतलं.

"पुन्हा सांग बघू," त्या म्हणाल्या. "आणि जरा मोठ्यानं. अलीकडं मला कमी ऐकू येतं."